आईवडिलांसाठी आवाज न करणारा होम थिएटर पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. मशीन तुम्ही जोडणार, पण रोज वापरणार आईवडील, आणि काही अडलं तर त्या वेळी तुम्ही शेजारी नसणार. स्वतःसाठी पीसी बनवताना जे निर्णय बरोबर असतात, त्यातले बरेच इथे चुकतात.

मुळात पीसी हवाच कशाला? टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक पुरणार नाही का?

पुष्कळ घरांत पुरते. आईवडील फक्त ओटीटी बघत असतील तर स्टिक घ्या आणि मोकळे व्हा. ओटीटीवाले ४के चित्र प्रमाणित उपकरणांनाच देतात. विंडोजवर ते मिळवायचं तर ब्राउझर किंवा ॲप, ग्राफिक्स, केबल आणि टीव्ही असं सगळं एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी सुरक्षा) च्या नियमात बसावं लागतं. लिनक्सवर वाइडवाइनची (ओटीटीच्या व्हिडिओंना लावलेल्या डिजिटल कुलपाची) फक्त सॉफ्टवेअर पातळी मिळते, म्हणून तिथे ओटीटीचं ४के विसरायचं. बोटभर स्टिकला जमतं ते तुमच्या मशीनला जमत नाही, याचा राग येतो खरा, पण अडचण ताकदीची नसून परवान्यांची आहे.

पीसी हवा तो घरच्या साठ्यासाठी. वर्षानुवर्षांचे फोटो, उतरवून ठेवलेली गाणी, लग्नामुंजीच्या कॅसेटवरून डिजिटल केलेले व्हिडिओ. या जुन्या व्हिडिओंकडे विशेष लक्ष द्या. कॅसेटवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र बहुतेक इंटरलेस्ड असतं, म्हणजे आधी विषम ओळी आणि मग सम ओळी अशा पाळीने टिपलेलं. साध्या प्लेअरवर हलणाऱ्या हाताच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. पीसीवर चांगलं डीइंटरलेसिंग, म्हणजे या ओळी नीट जुळवणं, लावलं की तोच व्हिडिओ सुरळीत चालतो. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही पीसी जोडणं सार्थ आहे.

आणि दोन्ही ठेवायला कोणाची ना आहे? टीव्हीच्या एका एचडीएमआयला स्टिक, दुसऱ्याला पीसी.

प्रोसेसर कोणता घ्यावा?

वेगाकडे बघू नका, व्हिडिओ डीकोडिंगकडे बघा. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा विभाग असतो आणि तो अगदी थोड्या विजेत काम करतो. फाइलचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, त्याला येत नसेल तर सगळं ओझं मुख्य कोअर्सवर पडतं, ते तापतात आणि फॅन ओरडायला लागतो. आवाजाचा प्रश्न फॅन निवडण्याच्या आधी इथेच अर्धा सुटतो किंवा बिघडतो.

तीन कोडेक महत्त्वाचे. २००३चा एच.२६४ जवळपास सगळ्यांना येतो. २०१३चा एचईव्हीसी ४के फाइलींमध्ये सर्रास असतो, आणि तोही १० बिटचा, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचा. इंटेलमध्ये त्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे. २०१८च्या एव्ही१साठी अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

साध्या गरजेसाठी इंटेलचा एन१०० अजूनही माझी पहिली पसंती आहे. चार कोअर्स, कागदावर ६ वॉट, आणि वरचे तिन्ही कोडेक हार्डवेअरमध्ये. एएमडी घ्यायचा असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा: ५६००जी हा लोकप्रिय आणि ताकदवान प्रोसेसर आहे, पण त्याच्या ग्राफिक्सला एव्ही१ येत नाही. डेस्कटॉपच्या रायझन ७००० आणि ८०००जी मालिकांना येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावू नका. सिनेमा बघायला त्याची गरज नाही आणि सोबत दोन-तीन फॅन फुकट येतात.

रास्पबेरी पाय चालेल?

१०८०पीपर्यंतच्या फाइलींसाठी उत्तम चालेल. पाय ५ मध्ये ४के एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग आहे, पण एच.२६४ सॉफ्टवेअरवर चालतो आणि एव्ही१ची सोयच नाही. टीव्हीच्याच रिमोटने चालतो, हा मात्र मोठा गुण. त्याबद्दल पुढे रिमोटच्या प्रश्नात.

फॅनच नसलेला पीसी बनवू का?

१० वॉटच्या आसपासचं मशीन असेल तर खुशाल. असरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्ससारख्या बोर्डवर मोठा हीटसिंक बसवलेलाच येतो, वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरमधून घेतली जाते, आणि त्यात फिरणारं काहीच राहत नाही. ६५ वॉटच्या प्रोसेसरला मात्र फॅनशिवाय थंड ठेवायचं तर अख्खं कॅबिनेटच हीटसिंक असलेलं घ्यावं लागतं. ते महाग, जड, आणि उघड्या हवेतच नीट काम करणारं. आईबाबांनी एके दिवशी त्यावर डॉयली आणि फोटोफ्रेम ठेवली की संपलं.

म्हणून मधल्या ताकदीच्या मशीनला मी एक मोठा, सावकाश फिरणारा फॅनच सुचवेन. त्यामागचं गणित सोपं आहे. फॅनचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास निम्मा-दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं तर १५ म्हणजे केवढं ते कळेल. आता तसाच दुसरा फॅन शेजारी लावा: हवा पुन्हा जवळपास पहिल्याइतकी, आणि आवाजात भर फक्त ३ डेसिबलची. थोडक्यात, जोरात फिरणाऱ्या एका फॅनपेक्षा सावकाश फिरणारे दोन फॅन बरेच शांत. लहान फॅनला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचा मावत असेल तर ४० किंवा ६०चा लावू नका.

तयार मिनी पीसी घेतला, तर त्याचा फॅन मधेच गुरगुरतो आणि थांबतो. काय करू?

सतत येणारा हलका आवाज कान विसरून जातो, पण चढउतार विसरत नाही. सिनेमातल्या शांत प्रसंगात फॅनने अचानक सूर चढवला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन दोन गोष्टी बघा. पहिली फॅन कर्व्ह, म्हणजे तापमानानुसार फॅनचा वेग ठरवणारा आलेख: खालच्या टप्प्यात सरळ आडवी रेघ ठेवा, म्हणजे ६०-६५ अंशांपर्यंत फॅन एकाच मंद वेगाने फिरेल. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर तीही वाढवा, क्षणभराच्या तापमानाला फॅनने भीक घालू नये. दुसरी पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा. छोट्या मशीनचे उत्पादक जाहिरातीतला वेग दाखवण्यासाठी ही मर्यादा बरेचदा चढवून ठेवतात. ती ८-१० वॉटवर आणली तर सिनेमात काही फरक दिसत नाही. फार तर मेन्यू उघडायला डोळ्याची पापणी लवेल एवढा जास्त वेळ लागेल. हे पर्यायच बायोसमध्ये नसतील तर ते मशीन बैठकीच्या खोलीसाठी नाही, परत करता येत असेल तर करा.

फॅन बंद करून पाहिला तरी आवाज येतोच. कुठून येत असेल?

हार्ड डिस्क असेल तर पहिला संशय तिच्यावर. तिचा स्वतःचा आवाज थोडा असतो, पण तिची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात आणि तिथून लाकडी फळीत उतरते आणि घुमते. मशीनमध्ये फक्त एसएसडी ठेवा. मोठा साठा असेल तर हार्ड डिस्का दुसऱ्या खोलीत राउटरजवळ नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या डब्यात. तिथेही डिस्क लवकर झोपवायची सेटिंग लावू नका. सिनेमा लावल्यावर ती जागी व्हायला आठ-दहा सेकंद घेते आणि तेवढ्यात आई तेच बटण चार वेळा दाबते.

बारीक, कर्कश शीळ ऐकू येत असेल तर ते कॉइल व्हाइन: बोर्डवरच्या किंवा एसएमपीएसमधल्या (वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) कॉइल विजेच्या चढउताराबरोबर कंप पावतात. त्यावर घरगुती इलाज जवळपास नाही, भाग बदलून घ्यावा लागतो. वय वाढलं की वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे बाबा म्हणतील काहीच आवाज नाही आणि नातवंडं कानावर हात ठेवतील. मशीन सोपवण्याआधी घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवून विचारा.

एसएमपीएस वापरत असाल तर कमी भारावर फॅन पूर्ण थांबवणारा घ्या. ४० वॉटच्या मशीनला ७५० वॉटचा लावण्यात अर्थ नाही, एवढ्या हलक्या भारावर त्याची कार्यक्षमताही पडते.

मशीन टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवायचं आहे. दार लावलं की आवाज येणार नाही ना?

थोडा वेळ येणार नाही. मग कप्प्यातली हवा तापेल, फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवेल, वेग वाढेल, आणि दारामागून आवाज यायला लागेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, तो तोटा वेगळाच.

कप्पाच हवा असेल तर मागची फळी कापा, नुसतं वायरीपुरतं भोक उपयोगाचं नाही. गरम हवा वर जाते म्हणून वरच्या बाजूला मोकळी फट आणि खाली हवा आत यायला जागा. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे टीव्हीच्या मागे व्हेसा पट्टीवर (टीव्हीच्या पाठीवरच्या स्क्रूंना बसणाऱ्या) मशीन लटकवणं, पण मग रिमोटचा रिसीव्हर छोट्या वायरीने पुढे काढावा लागेल.

रॅम आणि एसएसडी किती?

८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. फोटो मशीनमध्येच ठेवायचे असतील तर एसएसडी मोठी घ्या. बस.

विंडोज टाकू की लिनक्स?

ओटीटी याच मशीनवर बघायचं असेल तर विंडोज ११, दुसरा धड पर्याय नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा जुन्या मशीनवर ते टाकून देऊ नका.

घरचाच साठा बघायचा असेल तर मी डोळे झाकून लिब्रेइलेक म्हणेन, म्हणजे फक्त कोडीसाठी बनवलेलं छोटं लिनक्स. बटण दाबलं की थेट कोडी हा मीडिया प्लेअर उघडतो. मध्ये डेस्कटॉप नाही, पासवर्ड नाही, «अपडेट करू का» विचारणारी खिडकी नाही. प्रणालीच्या फाइली फक्त वाचता येतील अशा स्वरूपात असतात, त्यामुळे वीज गेली किंवा कोणी प्लग काढला तरी सहसा काही बिघडत नाही. आईवडिलांच्या घरात या गुणाला फार किंमत आहे.

विंडोजच ठेवलं तर लॉगिन आपोआप होऊ द्या, सूचना बंद करा, आणि ॲक्टिव्ह अवर्समध्ये (या वेळेत विंडोज अपडेटसाठी रीस्टार्ट होत नाही) त्यांची टीव्ही बघायची वेळ टाका.

आई कीबोर्डला हात लावणार नाही. रिमोटचं काय?

इथे कंजूषी करू नका, वेळेचीही नाही आणि पैशाचीही नाही. आईवडिलांच्या दृष्टीने रिमोट म्हणजेच अख्खं मशीन.

टीव्हीचाच रिमोट चालणं सगळ्यात उत्तम. एचडीएमआय-सीईसीमुळे, म्हणजे केबलमधूनच रिमोटचे आदेश पोहोचवण्याच्या सोयीमुळे, ते शक्य होतं, पण बहुतेक पीसींमध्ये सीईसी नसतं. पल्स-एटचा छोटा अडॅप्टर एचडीएमआयच्या मधे लावून ते मिळवता येतं. रास्पबेरी पायला ते मुळातच आहे. दुसरा मार्ग फ्लर्कचा यूएसबी रिसीव्हर: कुठल्याही इन्फ्रारेड रिमोटची बटणं त्याला शिकवता येतात. हवेत फिरवून बाण हलवायचा एअर माऊस दुकानात भुरळ घालतो, पण हात थोडा थरथरत असेल तर तो छळच.

दोन बारकावे. बायोसमध्ये ईआरपी (वीज वाचवण्याची सेटिंग) चालू असेल तर मशीन बंद झाल्यावर यूएसबीची वीज तुटते आणि रिमोटने मशीन सुरू होत नाही, म्हणून ती सेटिंग बंद करा. आणि बिनतारी रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल यूएसबी ३च्या पोर्टात, चालू एसएसडीच्या शेजारी खोचू नका. यूएसबी ३चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पसरतो आणि बटणं मधेच गळतात. यूएसबी २च्या पोर्टात किंवा हातभर एक्स्टेंशनवर लावला की तक्रार संपते.

आवाजाची नियंत्रणं दोन ठेवू नका. पीसीचा आवाज १०० टक्क्यांवर ठेवून द्या आणि कमी-जास्त फक्त टीव्हीवर किंवा साउंडबारवर. नाहीतर कोणीतरी एक कमी करतं, दुसरं कोणी दुसरा वाढवतं, आणि मग तुम्हाला फोन येतो.

सिनेमातलं बोलणं ऐकू येत नाही, पण मारामारी आली की घर हादरतं. मशीनचा दोष आहे का?

बहुतेक वेळा सेटिंगचा. ५.१ आवाजात, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजात, संवाद मधल्या चॅनेलवर असतात. टीव्हीला स्पीकर दोनच, तरी कोडीत चॅनेलची संख्या ५.१ ठेवली असेल तर मधला चॅनेल हरवू शकतो: संगीत येतं, माणसं मुकी. संख्या २.० करा. मग चॅनेल एकत्र करताना मधला थोडा वाढवायची सोय आहे, ती वापरा. मोठे-छोटे आवाज एका पातळीवर आणणारा नाइट मोड टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये असतो, तो चालू करा. पासथ्रू चालू असेल तर कोडी आवाजाला हातच लावत नाही, तेव्हा साउंडबार नसेल तर ते बंद.

यातून भागलं नाही तर कारण कानात असू शकतं. व्यंजनं ओळखायला लागणारा आवाजाचा भाग वरच्या पट्टीत असतो आणि वयानुसार नेमका तोच उतरतो. एकूण आवाज वाढवून काही होत नाही, कारण खालची पट्टीही सोबत वाढते. बेस कमी करा, वरची पट्टी थोडी चढवा, आणि स्पीकर भिंतीकडे किंवा जमिनीकडे तोंड करून असतील तर त्यांच्यासमोर येईल असा छोटा साउंडबार बसवा. मशीनचा आवाज कमी करण्याचा खरा फायदाही इथेच दिसतो: फॅनची घरघर गेली की मूळ आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात.

अक्षरं बारीक दिसतात, आणि चित्राच्या कडा कापल्या जातात.

कडा कापल्या जाणं म्हणजे ओव्हरस्कॅन. इलाज टीव्हीच्या मेन्यूत आहे: चित्राच्या आकारात जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा तसलं काहीतरी. अक्षरांसाठी विंडोजमध्ये स्केलिंग २५० ते ३०० टक्के करा आणि खुर्चीत, चष्म्याशिवाय बसून तपासा. जवळ उभं राहून तपासू नका. सबटायटल मराठी किंवा हिंदी असतील तर फाइल यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) हवी आणि फाँट देवनागरीचा, नाहीतर चौकोन दिसतील.

कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खातं.

सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे, टीव्ही ६० वेळा चित्र बदलणारा. भाग नीट जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवलं जातं. कोडीत डिस्प्लेचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदलण्याची सेटिंग चालू करा. सिनेमा सुरू होताना टीव्ही क्षणभर काळा होतो, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. ४के टीव्ही असेल तर पोर्ट आणि केबल दोन्ही एचडीएमआय २.० किंवा पुढचे हवेत, १.४वर ४के ३० हर्ट्झच्या वर जात नाही.

पीसी आधी चालू केला आणि टीव्ही नंतर, तर पडदा काळाच राहतो.

पीसी सुरू होताना टीव्हीला «तुला काय काय दाखवता येतं» असं विचारतो. टीव्ही झोपलेला असेल तर उत्तर येत नाही. ही माहिती, म्हणजे ईडीआयडी, लिब्रेइलेकमध्ये एकदाच फाइलमध्ये साठवून ठेवता येते. विंडोजवर ईडीआयडी एम्युलेटर नावाचा छोटा एचडीएमआय तुकडा मधे लावा. «आधी टीव्ही, मग डबा» असा नियम शिकवून भागवायच्या फंदात पडू नका.

मशीन कायम चालू ठेवू की बंद करायला सांगू?

रिकामं बसलेलं छोटं मशीन ८ वॉट घेत असेल तर वर्षभर अखंड चालू राहून साधारण ७० युनिट होतात. झोपेतून उठणं नीट चालत असेल तर झोपवा. दर चार दिवसांनी उठताना अडकत असेल तर सरळ चालू ठेवा, त्या ७० युनिटांत तुमची शांतता येते. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं ही सेटिंग बायोसमध्ये असते, ती विसरू नका.

वायफाय पुरेल का?

ओटीटीला पुरतं. मोठ्या ४के फाइली नॅसवरून चालवायच्या असतील तर वायर ओढा. यूएचडी ब्लू-रेचा दर १२८ मेगाबिटपर्यंत जातो. गिगाबिट वायरीला ते काहीच नाही, पण दोन भिंतींपलीकडच्या वायफायला भारी पडतं.

लांबून मदत कशी करायची?

विंडोजवर रस्टडेस्कसारखं लांबून पडदा चालवणारं काहीतरी आधीच बसवा, परवानगी विचारणारी खिडकी न येता जोडता येईल असं, आणि पासवर्ड दणकट ठेवा. लिब्रेइलेकवर एसएसएच, म्हणजे लांबून लिखित आदेश देण्याची सोय. राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. टेलस्केल ही खासगी जोडणीची सेवा वापरली की राउटरला हात न लावता मशीन तुमच्या नेटवर्कमध्ये असल्यासारखं दिसतं. आणि हे सगळं तुमच्या मोबाइल डेटावरून जोडून बघा. त्याच घरात, त्याच वायफायवर चाचणी केली तर ती चाचणी झालीच नाही.

बाबांनी स्वतःच काहीतरी बदललं आणि सगळं विस्कटलं तर?

बदलणारच. कोडीत मास्टर लॉकने सेटिंग्ज कुलूपबंद करता येतात, पण मी ते फारसं सुचवत नाही, आपल्याच घरातल्या टीव्हीने पासवर्ड मागितलेला कोणाला आवडेल? त्यापेक्षा सगळं मनासारखं बसलं की अख्ख्या एसएसडीची प्रतिमा क्लोनझिला या डिस्कची नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर काढा. ती आपोआप परत भरली जाईल असा पेन ड्राइव्ह बनवण्याची सोय त्यात आहे. मग त्यावर जाड पेनाने «टीव्ही बिघडला तर» असं लिहा आणि तो मशीनलाच दोऱ्याने बांधून ठेवा. फोनवरून «तो लाव, मशीन बंद करून चालू कर, पडद्यावर विचारलं तर वाय दाब» एवढंच सांगावं लागेल. बूट होताना यूएसबी पहिल्या क्रमांकावर आहे ना, हे मात्र निघण्याआधी बघून ठेवा.